दगड ओढणाऱ्यांची हाडं काय सांगतात?

गीझाच्या पिरॅमिडवरचा लेख वाचून आलेल्या पत्रांत खुफू राजाबद्दल विचारणारे थोडे होते. बहुतेकांना जाणून घ्यायचं होतं ते दगड ओढणाऱ्यांबद्दल. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी ठेवलं आहे. उत्तरं मुख्यतः तीन ठिकाणांवर बेतलेली आहेत: गीझा (इ.स.पू. 2500 च्या आसपास), अमार्ना (इ.स.पू. 1340 च्या आसपास) आणि थीब्जजवळचं (आजचं लक्सर) कारागिरांचं गाव देर अल-मदीना (इ.स.पू. 1500 ते 1070 च्या सुमारास). गीझाचे मजूर आणि अमार्नाचे मजूर यांच्यात अकराशे-बाराशे वर्षांचं अंतर आहे, आणि त्यांची आयुष्यंही सारखी नव्हती. त्यामुळे ‘इजिप्तचा कामगार असा जगायचा’ असं सरसकट विधान इथे सापडणार नाही.

पिरॅमिड गुलामांनी बांधले असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो. थडग्यांवरून ते खोटं ठरतं म्हणतात. थडग्यात असं काय आहे? (वाचक, नाशिक)

सगळ्यात आधी थडग्यांची जागा पाहा. 1990 साली गीझाच्या पठाराच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्याखाली कामगारांची दफनभूमी निघाली. इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं. खालच्या उतारावर मजुरांची शेकडो लहान थडगी आहेत, तर वरच्या अंगाला मुकादम आणि कारागिरांची मोठी. राजाच्या पिरॅमिडपासून इतक्या जवळ गुलामांना कुणी जागा देत नाही.

मग बांधकाम. लहान थडगी मातीच्या विटांची आहेत, पण त्यांत ग्रॅनाइट, बेसाल्ट आणि चुनखडकाचे तुकडे बसवलेले दिसतात. राजाच्या बांधकामातून उरलेला माल मजुरांनी आपल्यासाठी वापरला. काही थडग्यांवर छोटे घुमट आहेत, काहींवर पायऱ्यापायऱ्यांचे लहानसे पिरॅमिड. आत मृतदेह कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेला, डोकं उत्तरेला आणि तोंड पूर्वेला. सोबत पाव आणि बिअरची भांडी. मृत्यूनंतरच्या प्रवासाची तरतूद करण्याइतकी ऐपत आणि मुभा या माणसांना होती.

वरच्या थडग्यांवर हुद्दे कोरलेले आहेत: ‘पिरॅमिडच्या बाजूचा मुकादम’, ‘दगड ओढणाऱ्यांचा देखरेख्या’ असे. इंती-शेदू नावाच्या सुताराने भिंतीतल्या कोनाड्यात स्वतःचे पुतळे बसवून घेतले होते. पेतेती नावाच्या माणसाच्या थडग्यावर तर शाप आहे. जो थडग्याची नासधूस करील त्याच्यावर मगर आणि पाणघोडा सोडण्याची धमकी त्यात दिली आहे.

एवढ्यावरून ‘म्हणजे ते हौसेने राबत होते’ असं मात्र म्हणू नका. बहुतेकांचं काम वेठीचं होतं. गावोगावच्या तरुणांना पाळीपाळीने आणलं जाई, खायला-प्यायला राज्य देई आणि पाळी संपली की ते परत जात. शेजारच्या वसाहतीत गुरं आणि शेळ्या-मेंढ्यांची हाडं ढिगाने मिळाली आहेत. गुरांमध्ये कमी वयाच्या नरांचा भरणा मोठा आहे, म्हणजे ती लांबच्या वाड्या-वस्त्यांवरून मुद्दाम कत्तलीसाठी पाठवलेली होती. शिवाय गीझात पुरलेले लोक मुख्यतः कायम मुक्कामाचे. पाळी संपवून गावी गेलेला आणि तिथे मेलेला मजूर या दफनभूमीत दिसणारच नाही. त्यामुळे गीझाचं चित्र जरा उजळ बाजूला झुकलेलं आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पिरॅमिडवर एका वेळी एक लाख माणसं राबत, या ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या आकड्याबद्दलही याच पत्रात विचारलं आहे. तो इजिप्तला गेला तो खुफूनंतर दोन हजार वर्षांनी. आजचे अभ्यासक एका वेळी राबणाऱ्यांचा आकडा 20 ते 25 हजारांच्या आसपास धरतात.

नुसत्या हाडावरून माणूस काय काम करायचा हे खरंच कळतं का? की हा अंदाज? (वाचक, सांगली)

काही गोष्टी नेमक्या कळतात, काही अंदाजाने, आणि काही कळतात असं उगाच वाटतं. तिन्ही वेगळ्या ठेवायला हव्यात.

काम सुरू होतं ते वय आणि लिंग ठरवण्यापासून. स्त्री की पुरुष हे कमरेच्या हाडावरून कळतं. बाळंतपणासाठी बायकांचा कटिभाग रुंद आणि त्याची खाच उघडी असते. फक्त कवटी मिळाली तर चूक होण्याची शक्यता वाढते. लहान मुलांत लिंग हाडावरून सांगताच येत नाही म्हटलं तरी चालेल, पण वय उत्तम कळतं, कारण दात ठरावीक क्रमाने येतात. पुढे लांब हाडांची टोकं मधल्या भागाशी एकेक करून जुळत जातात. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास जुळतं. त्यानंतर जांघेकडच्या सांध्याच्या पृष्ठभागाची झीज पाहावी लागते, आणि पन्नाशीपुढे तर ‘पन्नाशीच्या वर’ एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. उंची मांडीच्या हाडाच्या लांबीवरून काढतात.

आता काम. ओझं वाहिलं की पाठीचे मणके आधी बोलतात. मणक्याच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, आणि चकतीचा गाभा मणक्यात घुसला की पृष्ठभागावर बोटाच्या टोकाएवढा खळगा पडतो. गुडघ्यातली कुर्चा पूर्ण झिजली की हाडावर हाड घासून तिथे काचेसारखी चकाकी येते. ही चकाकी दिसली की त्या माणसाला प्रत्येक पावलाला दुखत असणार, यात शंका नाही. गीझाच्या मजुरांत कमरेचे मणके आणि गुडघे दोन्ही ठिकाणी अशी झीज आहे. पुरुषांत आहे तशी बायकांतही, आणि वरच्या दफनभूमीपेक्षा खालच्या दफनभूमीत जास्त.

मोडलेलं हाड वाचताना एक खबरदारी लागते. जिवंतपणी मोडलेल्या हाडाभोवती नव्या हाडाची गाठ बनते आणि कडा गोलसर होतात. मरताना मोडलेल्या हाडाला गाठ नसते, पण कडा तिरप्या आणि बाकीच्या हाडाच्याच रंगाच्या असतात, कारण तेव्हा हाड ओलं असतं. मातीच्या भाराने किंवा खोदणाऱ्याच्या कुदळीने मोडलेलं हाड खडूसारखं काटकोनात तुटतं आणि आतली कड ताजी, पांढरट दिसते. हा फरक न पाहिल्यामुळे जुन्या अहवालांत ‘अपघाती मृत्यू’ नको तितके झाले.

गीझात हाताच्या कोपराखालची दोन्ही हाडं आणि पोटरीचं बारीक हाड मोडल्याच्या खुणा सर्वाधिक आहेत. त्यांतली बहुतेक हाडं सरळ जुळलेली आहेत. मोडलेलं हाड आपोआप सरळ जुळत नाही. स्नायू ओढतात आणि टोकं एकमेकांवर चढतात. म्हणजे कुणीतरी ती ओढून जागेवर आणली, कामट्या बांधल्या, आणि काही आठवडे त्या माणसाला कामावरून दूर ठेवून जेवू घातलं. एकाचा पाय आणि एकाचा हात कापावा लागल्याचं दिसतं, आणि हाडाची टोकं भरून आलेली आहेत. ते जगले.

आता न कळणारा भाग. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथला खडबडीतपणा पाहून ‘हा दगड ओढायचा, तो वल्ही मारायचा’ असं सांगण्याची पद्धत एके काळी फार होती. पण हा खडबडीतपणा वयाबरोबर आणि अंगकाठीबरोबरही वाढतो. एका सांगाड्याचा धंदा त्यावरून ठरवू नये. शंभर-दोनशे सांगाड्यांची तुलना केली तरच काही म्हणता येतं.

आणखी एक उलटं वाटणारं सत्य. हाडावर आजाराची खूण उमटायला माणूस आजारासह बराच काळ जगावा लागतो. जो दोन दिवसांत गेला त्याचं हाड स्वच्छ असतं. म्हणून खुणा असलेला सांगाडा कधी कधी जास्त चिवट माणसाचा असतो.

गीझाच्या मजुरांवर उपचार झाले, त्यांना मांस मिळालं, हे वाचून बरं वाटलं. सगळीकडे असंच होतं का? (वाचक, बेळगाव)

नाही. अमार्नाचं उदाहरण पाहिलं की हा समज टिकत नाही.

अखेनातेन राजाने इ.स.पू. 1347 च्या सुमारास वाळवंटाच्या कडेला नवी राजधानी वसवायला घेतली. शहर जेमतेम पंधरा वर्षं गजबजलं आणि नंतर ओस पडलं. म्हणून तिथली दफनं एकाच पिढीची आहेत. इतकं घट्ट बांधलेलं कालमान पुरातत्त्वात क्वचित मिळतं. पुरातत्त्वज्ञ बॅरी केम्प यांच्या अमार्ना प्रकल्पाने 2005 ते 2013 या काळात दक्षिणेकडच्या दफनभूमीत सुमारे 400 माणसांचे अवशेष उघडे केले.

इथे थडगं म्हणजे वाळूतला खड्डा. देह कापडात गुंडाळायचा, मग काटक्यांच्या किंवा ताडपत्राच्या शिरांच्या चटईत वळायचा, दोरीने बांधायचा आणि खाली ठेवायचा. लाकडी पेटी फार थोड्यांना मिळाली. बरीचशी थडगी जुन्या काळीच लुटली गेली आहेत. लुटारूंनी चटई डोक्याकडून फाडलेली असते, त्यामुळे कवटी एकीकडे आणि पाय जागच्या जागी असं दृश्य वारंवार दिसतं. अशा खड्ड्यातली वाळू चाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण बोटांची हाडं आणि मणी चाळणीतच सापडतात.

प्रौढांपैकी पाऊण भागाहून अधिक लोकांच्या सांध्यांची झीज झालेली होती. पुरुषांची उंची सरासरी 164 सेमीच्या आसपास, म्हणजे इजिप्तच्या इतर काळांच्या मानाने कमी. डोळ्यांच्या खोबणीच्या छतावर बारीक छिद्रं आहेत, दातांच्या इनॅमलवर आडव्या रेघा आहेत, आणि काही मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या खुणा आहेत. दाताची रेघ म्हणजे त्या वर्षी मुलाची वाढ थांबली होती याची कायमची नोंद. हाड पुढे भरून येतं, पण दात नव्याने बनत नाही.

शहर घाईने बांधायचं म्हणून दगडाचा आकारही बदलला होता. एका माणसाला उचलता येईल असा ठोकळा: साधारण 52 सेमी लांब, 26 सेमी रुंद, 24 सेमी उंच, वजन सुमारे 70 किलो. बांधकामाचा वेग वाढला, पण ते वजन माणसांच्या कमरेवर आलं.

पाच पुरुषांच्या खांद्याच्या पात्यावर टोकदार हत्याराने भोसकल्याच्या, नंतर भरून आलेल्या जखमा आहेत. नवराज्य काळातल्या (इ.स.पू. 1550 ते 1070 च्या सुमारास) राजाज्ञेत चोरीबद्दल ‘शंभर फटके आणि पाच उघड्या जखमा’ अशी शिक्षा येते. हाडांच्या अभ्यासक ग्रेचेन डॅब्ज आणि मेलिसा झाबेकी यांनी या जखमांचा संबंध त्या शिक्षेशी जोडला आहे. संबंध पटण्याजोगा आहे, कारण जखमा पाठीमागून आणि बेताने केलेल्या आहेत. लढाईत अशा होत नाहीत.

खरा धक्का उत्तरेकडच्या दफनभूमीने दिला. 2015 मध्ये तिथे 105 जणांचे अवशेष मिळाले आणि त्यांतले 90 टक्क्यांहून अधिक सात ते पंचवीस वयाचे निघाले. बहुतेक पंधराच्या आतले. नेहमीच्या दफनभूमीत तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं जास्त असतात, कारण मृत्यू तिथेच जास्त गाठतो. सात ते चौदा हे तर माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत सुरक्षित वय. तीच मुलं इथे भरलेली आहेत. कित्येक खड्ड्यांत दोन-तीन देह एकत्र, सोबत जवळजवळ काही नाही. पंधराच्या आतल्या सोळा टक्के मुलांच्या मणक्यांना इजा झालेली. ही मुलं घरच्यांपासून दूर, कामाच्या तांड्यात राबत आणि मरत होती, हाच सरळ अर्थ निघतो. दक्षिणेकडच्या दफनांत कुणीतरी चटई नीट वळली आहे, वेण्या घातल्या आहेत. एका बाईच्या डोक्याला तर सुमारे 70 जोडकेस लावलेले होते. उत्तरेकडे ती माया दिसत नाही.

मजुरांचीही ममी करत का? (विद्यार्थिनी, पणजी)

साधारणपणे नाही. आतडी काढून, नॅट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवण्याचा विधी खर्चिक होता. गीझा आणि अमार्नाच्या मजुरांना तो मिळाला नाही. अमार्नात जे केस आणि क्वचित कातडी टिकली ती कोरड्या वाळूमुळे. देर अल-मदीनाचे कारागीर ऐपतदार होते, तरी तिथलाही खा हा मुकादम आणि त्याची बायको मेरित यांची इंद्रियं आतच होती, हे सीटी स्कॅनमध्ये दिसलं. त्यांच्या थडग्यात आतड्यांच्या बरण्याही नाहीत.

राजांची थडगी खोदणारे कारागीर स्वतःच्या थडग्यात काय ठेवायचे? त्यांना ते परवडायचं कसं? (वाचक, इंदूर)

देर अल-मदीना हे राजांच्या दरीतली थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. कोटाच्या आत सत्तरच्या आतबाहेर घरं. हे सरकारी पगारदार होते. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार धान्य मिळे: चार खार गहू आणि दीड खार जव. एक खार म्हणजे सुमारे 77 लिटर. मुकादम आणि लेखनिकाला साडेसात खार. साडेपाच खारांची किंमत साधारण 11 देबेन तांबं, एक देबेन म्हणजे 91 ग्रॅम. रंगवलेली लाकडी शवपेटी 20 ते 40 देबेनांना पडे. म्हणजे एका पेटीसाठी दोन ते चार महिन्यांचा सगळा पगार, आणि पोटाला खर्च वेगळा.

परवडण्याचं गुपित हे की गावातच सुतार, चितारी आणि कोरीवकाम करणारे होते. सरकारी कामाव्यतिरिक्त ते एकमेकांसाठी पेट्या बनवत, थडगी रंगवत, आणि मोबदला धान्यात, कापडात किंवा कामात चुकता करत. कित्येक हिशेब चुनखडकाच्या खापऱ्यांवर शिल्लक आहेत. तरीही सर्वांना पेटी मिळत नसे. सेन्नेजेमच्या कुटुंबाच्या थडग्यात 1886 साली वीस देह मिळाले. त्यांतले नऊच पेटीत होते, बाकीचे नुसते गुंडाळलेले. एकाच घरातही ऐपत किंवा मान सर्वांना सारखा मिळत नव्हता.

इटालियन पुरातत्त्वज्ञ एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना 1906 मध्ये सापडलेलं खा आणि मेरित यांचं थडगं मात्र लुटारूंच्या हाती लागलेलं नव्हतं. 400 हून अधिक वस्तू, आणि त्या जवळजवळ सगळ्या आज इटलीत तोरिनोच्या संग्रहालयात एकत्र आहेत. खाची घडीची लाकडी मोजपट्टी चामड्याच्या म्यानासह आहे. शिवाय दुसरा आमेनहोतेप या राजाने दिलेली सोन्याने मढवलेली मोजपट्टी आहे. पहिली वापरून गुळगुळीत झालेली कामाची, दुसरी मिरवण्याची. त्याच्या धुतलेल्या, खुणा घातलेल्या लंगोट्या पन्नासेक भरतात. मेरितचा केसांचा टोप स्वतंत्र पेटीत ठेवलेला आहे. मेरित आधी गेली, बहुधा अचानक, कारण ती ज्या पेटीत आहे ती खासाठी बनवलेली, तिच्या देहाला मोठी. उरलेली जागा कापड भरून बुजवली आहे.

भांड्यांत काय होतं हे झाकण न उघडता तपासण्याची युक्ती नुकतीच वापरली गेली. भांडं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवायचं, त्यातून निघणारी वाफ यंत्राने तपासायची. साडेतीन हजार वर्षांनीही मेण आणि सुकवलेल्या मासळीच्या खुणा मिळाल्या.

खा हा मुकादम, म्हणजे गावातला वरचा माणूस. त्याच्या थडग्यावरून साध्या कारागिराचं घर रंगवू नये.

मजुरांच्या थडग्यांत लहान मुलं कुठे असतात? इनामगावला मुलांना मातीच्या भांड्यांत पुरलेलं आढळलं होतं, तसं तिथेही? (वाचक, शिरूर)

देर अल-मदीनाच्या पूर्वेकडच्या उतारावर, साधारण अठराव्या राजघराण्याच्या काळात (इ.स.पू. 1550 ते 1290 च्या सुमारास), मुलांची दफनं वेगळी केलेली दिसतात. उताराच्या तळाशी तान्ही बाळं, मधल्या भागात थोडी मोठी मुलं, वर प्रौढ. बाळांना मडक्यात, टोपलीत, कधी साध्या पेटीत ठेवलेलं असे.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची वस्ती (इ.स.पू. 1600 ते 700) या गावाची समकालीनच म्हणायची. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवं ठेवलेलं सापडलं, आणि तेही घराच्या जमिनीखाली. देर अल-मदीनात मुलं गावाबाहेर उतारावर आहेत. भांड्यावरून दोघांचा काही संबंध जोडू नका. घरात हाताशी असलेलं, बाळाच्या मापाचं सगळ्यात सोयीचं पात्र रांजण किंवा मडकंच असतं, आणि जगात अनेक ठिकाणी लोकांनी स्वतंत्रपणे तेच वापरलं आहे.

‘भरपगारी आजारपणाची रजा’ इजिप्तमध्ये होती हे खरं का? थडग्याशी त्याचा काय संबंध? (वाचक, ठाणे)

लेखी पुरावा खापराचा आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीतल्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट आहे, 40 माणसांचा, 280 दिवसांचा. नाव आणि तारीख काळ्या शाईत, गैरहजेरीचं कारण वर लाल शाईत. आजारी. विंचू चावला. डोळे आले. बिअर गाळायची होती. आईचा मृतदेह गुंडाळायचा होता. आठवडा दहा दिवसांचा, आठ कामाचे आणि दोन सुट्टीचे.

हाडं याला जोड देतात. हाडांच्या अभ्यासक अ‍ॅन ऑस्टिन यांनी देर अल-मदीना गावचे सांगाडे तपासले तेव्हा पुरुषांच्या गुडघ्यांत आणि घोट्यांत झीज दिसली. गाव ते राजांची दरी हा रस्ता खडी चढण आणि खडी उतरण आहे. कामावर जाणंच सांध्यांना महाग पडत होतं. हाडाच्या आतपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचलेल्या एका तरुणाचा सांगाडाही त्यांत आहे. असा संसर्ग महिनोन्महिने चालतो, म्हणजे तेवढा काळ त्याला कुणीतरी सांभाळलं. पण रजा मिळत असली तरी त्या चढणीवर माणूस पुन्हा जात होताच.

एक अडचण सांगायला हवी. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांच्या 1922 ते 1951 च्या उत्खननात लक्ष थडग्यांच्या वास्तूवर आणि वस्तूंवर होतं. लुटारूंनी आधीच विस्कटलेली हाडं एकत्र मिसळून राहिली. आता एकेक हाड हातात घेऊन ते कोणत्या देहाचं हे जुळवावं लागतं, आणि कित्येकदा जुळत नाही.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं? (वाचक, कोल्हापूर)

लक्सरला पश्चिम तीरावर देर अल-मदीनाचं गाव आणि सेन्नेजेमचं थडगं (थीब्जमधलं थडगं क्रमांक 1) पाहता येतं. थडग्याची खोली लहान आहे, एका वेळी थोडीच माणसं आत मावतात, त्यामुळे सकाळी लवकर जा. भिंतीवर नवरा-बायको परलोकातलं शेत नांगरताना रंगवलेले आहेत, तेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्या थडग्यातल्या वस्तू मात्र कैरो, न्यूयॉर्क, कोपनहेगन अशा विखुरल्या आहेत. एका कारागिराचं अख्खं थडगं एकाच छताखाली पाहायचं असेल, तर तोरिनोला खा आणि मेरित यांचं दालन गाठायला हवं.